शहात्तरच्या वर्गमुळाइतकी पट्टी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार कृपया शब्दशः घ्यावा. हे पत्र मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे आणि आठही अंगं फरशीला टेकलेली आहेत. नव्या फरश्यांमधले सांधे सिमेंटनं भरता भरता मी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात येऊन पोचलो आणि मग लक्षात आलं, की दार समोरच्या कोपऱ्यात आहे आणि मधे सगळं ओलं. कालचा वाळलेला तुकडा अंगाखाली आहे, तेवढी माझी जागा. अडतीस वर्षं फरश्या बसवणाऱ्या माणसाकडून हे होऊ नये. पण या खोलीत माझ्याकडून होऊ नये ते इतकं झालं आहे, की त्यात हे मी धरतही नाही. वाळायला चार तास लागतील. कागद आणि पेन घरमालकीणबाईंनी खिडकीतून दिलं. ‘बसलाच आहेस तर काहीतरी लिही’ म्हणाल्या. (मी बसलेलो नाही, हे त्यांना खिडकीतून दिसत होतं. पण त्या शिक्षिका होत्या.)

तुमचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही उत्तम, म्हणजे दोन्ही सारखेच दुखतात. वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत असेल, तेव्हा जपून असावं. ही मजेत आहे, नमस्कार सांगते. मीही मजेत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

तुमचं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. सोबतचा नकाशाही मिळाला. पाणीपुरवठा कचेरीत पस्तीस वर्षं नळांचे नकाशे काढणारा माणूस निवृत्तीनंतर घराचा नकाशाही नळासारखाच काढतो, हे मला नवीन होतं: एका तोंडातून सगळे आत, त्याच तोंडातून सगळे बाहेर. एक दार, एक बैठकीची खोली, एक स्वयंपाकघर, आणि वर लाल शाईनं ‘एकच छप्पर’, खाली दोन रेघा. आपण दोघे भाऊ आणि त्या दोघी जावा, चौघांनी उरलेलं आयुष्य त्याखाली काढायचं. दोन मुलं आपण, एका ताटात जेवलो, शेवटही एकत्र व्हावा, असं तुम्ही लिहिलंत. वाचताना मी दोनदा नाक पुसलं (हिनं विचारलं, सर्दी का?). तुम्हाला माझ्याकडून फक्त दोन गोष्टी हव्या आहेत, फरशीचा रंग आणि ‘हो’. रंग लगेच सांगता येईल. त्रेपन्न वर्षांत तुम्हाला मी ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्यामुळे ‘हो’सुद्धा लगेच सांगता आलं असतं. का आलं नाही, ते आता सांगतो. जरा लांब आहे, पण मला कुठे जायचं नाही.

एका निवृत्त बाईंच्या घरी एका खोलीची फरशी बदलायची होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद. सहा दिवसांचं काम. मी पत्ता घेऊन गेलो, दार उघडलं, तर समोर आपल्या शाळेच्या गणिताच्या बाई. पंच्याहत्तरी झाली, पण मान तशीच ताठ. मी ओळख दिली नाही. त्यांनीही ओळखलं नाही. अडतीस वर्षांत माझे केस गेले, पोट आलं, आणि शाळेत मी चेहरा दिसेल असा कधी बसलोच नव्हतो. वेळ मारून नेली म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो.

बाईंना साधी फरशी नको होती. खोलीच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तीन काळे चौकोन हवे होते, दोन फुटांचा, तीन फुटांचा आणि पाच फुटांचा, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लागलेलं. आणि तिन्ही चौकोनांना तिरकी छेदत जाणारी पितळी पट्टी, एकसंध, मधे कुठे जोड नको. असं कशाला, मी विचारलं. तर म्हणाल्या, आयुष्यभर हे फळ्यावर शिकवलं, कुणालाही पटलं नाही, आता निदान त्यावरून चालून बघते. त्यांनी मला मापाची चिठ्ठी दिली. पट्टीची लांबी: √८ + √१८ + √५० फूट. मी म्हणालो, बाई, फुटांत सांगा. त्या म्हणाल्या, फुटांतच आहे.

इथे, दादा, तुमची आठवण येणं भाग होतं. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दुपारी तुम्ही मला मागच्या खोलीत बसवलंत. तुम्हाला नवी नोकरी लागली होती, अंगावर नवा शर्ट होता, आणि जगात अवघड काही नाही असा तुमचा चेहरा होता. तुम्ही काड्यापेटीतल्या काड्या मांडून मुळाचं चिन्ह केलंत आणि म्हणालात, हे बघ, हे छप्पर. दोन छपरं कशाला? सगळ्यांना एका छपराखाली घे, आत बेरीज कर, मोकळा हो. इतकं सोपं मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याआधी वर्गातही एकदा मी हेच फळ्यासमोर बोललो होतो, कारण तुम्ही जेवताना ओझरतं सांगितलं होतं. तेव्हापासून पोरं मला ‘छप्पर’ म्हणत. (तुम्हाला वाटायचं केसांवरून.) बीजगणितात मी नापास झालो, ते का, हे मला कधी कळलं नाही, आणि मी फरश्यांच्या कामाला लागलो. त्याबद्दल तक्रार नाही. मला माझं काम आवडतं. पास झालो असतो तर आज कुठल्याशा कचेरीत बसून नळांचे नकाशे काढत असतो. (हे तुम्हाला उद्देशून नाही.)

तर चिठ्ठी हातात आली आणि अडतीस वर्षांनी तुमचा आवाज कानात आला. आठ आणि अठरा सव्वीस, आणि पन्नास शहात्तर. सगळे एका छपराखाली. शहात्तरचं वर्गमूळ मोबाइलवर काढलं, आठ फूट साडेआठ इंच आणि थोडं वर. टेप लावून बघायला हवं होतं, हे तुम्ही म्हणाल. पण खोलीत पुस्तकांची कपाटं मधोमध ओढून ठेवलेली, टेप आरपार जाईना. पट्टी तर आठ दिवस आधी सांगावी लागते. शिवाय मला जरा ऐट आली होती. बाईंचं गणित मी बाईंच्या नाकासमोर सोडवलं होतं. दहा फुटांच्या खोलीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेघ दहा फुटांपेक्षा लहान असूच शकत नाही, हे बाईंच्या मांजरालाही कळलं असतं. ते त्या दोन कोपऱ्यांमधे रोज झोपतं. मला कळलं नाही.

पट्टी आली तेव्हा कपाटं हलवलेली होती. एक टोक कोपऱ्यात ठेवलं आणि दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो. दुसरं टोक लवकर आलं. कोपरा अजून लांब होता. टेप बाहेरच्या पिशवीत होता, म्हणून मी अशा वेळी करतो तेच केलं. तुम्हाला माहीत नसेल, धंद्यातली माझी ही रीत आहे: मी पाच फूट पाच इंच आहे, टेप हाताशी नसला की आडवा पडतो. डोकं कोपऱ्याला लावलं, आणि तळपाय बरोबर पट्टीच्या टोकाला टेकले. पट्टी माझ्याएवढी कमी पडली होती. उठावंसं वाटेना. तसाच छताकडे बघत पडून राहिलो, आणि बाई चहा घेऊन आल्या.

चहा त्यांनी कपाटावर ठेवला. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“किती मागवलीस?”

“आठ फूट साडेआठ इंच.”

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हणजे शहात्तरचं वर्गमूळ.” मग अगदी हळू म्हणाल्या, “छप्पर? तू आहेस होय रे?”

दादा, चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून नाही, मला माझ्या चुकीवरून ओळखलं. ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. पण त्या खाली बसल्या (त्यांना बसायला वेळ लागतो, तेवढ्यात मी उठू शकलो असतो, उठलो नाही) आणि म्हणाल्या, हे तुझ्या डोक्यातून आलेलं नाही, तुला तेवढं डोकं नव्हतं. हे शिकवलं कुणी? मी म्हणालो, आठवत नाही.

त्यांनी दुसरी पट्टी सांगू दिली नाही. आधी गणितं, मग पट्टी. मला वाटलं, पाटी-पेन्सिल घेऊन बसवतील. पण त्यांनी उरलेल्या फरश्यांमधल्या पंचवीस उचलून आणायला लावल्या. नऊ फरश्यांचा चौकोन कर. केला, भिंतीलगत तीन फरश्या आल्या. सोळांचा कर, त्याच्या शेजारी, भिंतीला लावून. तिथे चार आल्या. एकूण भिंत किती धरली? सात. आता सगळ्या पंचवीस एकत्र घे, एकच चौकोन कर. तो पाचचा झाला. “दोन कुठे गेल्या?” बाई म्हणाल्या. मी मोजल्या, पंचवीसच्या पंचवीस होत्या. परत मोजल्या. एकही हरवली नव्हती, आणि भिंत मात्र दोन फरश्यांनी कमी झाली होती. अडतीस वर्षं मी फरश्या भिंतीला लावतो आहे. हे कुणी मला चिन्हांत सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. फरश्यांत सांगितल्यावर मी तिसऱ्यांदा मोजल्या.

(तुमचं अगदीच चूक नव्हतं, हेही सांगतो. गुणाकार असेल तर एका छपराखाली घेतलेलं चालतं, बेरजेला चालत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं, तुमच्या वतीनं. तुमचं छप्पर बरोबर होतं, मधलं चिन्ह चुकलं.)

मग रीतसर शिकवणी सुरू झाली. सकाळी दोन ओळी फरश्या, दहा वाजता चहा, चहाबरोबर तीन गणितं, फरशीच्या पाठीवर पेन्सिलीनं. (त्या खोलीतल्या निम्म्या फरश्यांच्या खाली माझी उत्तरं आहेत. पुढेमागे कुणी उकरलं तर चुकीचीही सापडतील.) युक्ती अशी: छपराखालच्या आकड्यात कुणी पूर्ण वर्ग दडलाय का बघायचं. आठमधे चार आहे, चार म्हणजे दोन दुणे, म्हणून तो दोन होऊन बाहेर येतो, आत राहतो नुसता दोन. अठरामधे नऊ आहे, तो तीन होऊन बाहेर येतो, आत पुन्हा दोनच. पन्नासातला पंचवीस पाच होऊन येतो, आत तोच दोन. म्हणजे बाहेरून आठ, अठरा, पन्नास असे भलतेच वेगळे दिसणारे तिघे आतून एकच. आणि आतून एक असले की बाहेरच्यांची सरळ बेरीज: दोन, तीन, पाच, दहा. दहा वेळा दोनाचं मूळ. चौदा फूट पावणेदोन इंच. टेप लावून बघितलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौदा फूट पावणेदोन इंच. मी टेप तसाच धरून बराच वेळ उभा होतो. बाई म्हणाल्या, सोड आता, तो पळून जाणार नाही.

घरी ही म्हणायला लागली, तुम्ही फरशी बसवायला जाता की परीक्षेला? मी जेवताना म्हणायचो, सत्तावीसमधे नऊ आहे. ती म्हणायची, आणि ताटात अर्धी भाजी आहे, ती कोण संपवणार? पण एक दिवस मी कामावर निघालो तर पिशवीत टोक काढलेल्या दोन पेन्सिली होत्या.

गाडं अडलं ते पंधराव्या दिवशी. √८ + √१२. मी आठमधून दोन बाहेर काढले, बारामधूनही दोन काढले. आत एकीकडे दोन, दुसरीकडे तीन. बघितलं, फिरवून बघितलं, फरशी उलटी धरून बघितली. एकत्र येईनात. बाई, पुढे? बाई म्हणाल्या, पुढे काही नाही, हेच उत्तर. मी म्हणालो, असं कसं, मधे अधिकचं चिन्ह तसंच लोंबकळतंय, काहीतरी एक येऊ द्या. त्या म्हणाल्या, जे येत नाही ते आणू नये. आतले आकडे वेगळे असले की मधलं चिन्ह तसंच ठेवायचं, ती अपुरी बेरीज नसते, तीच बेरीज असते. त्या दिवशी दुपारभर मी एकही फरशी बसवली नाही. मला सारखी आपल्या घरातली माणसं दिसत होती. तुम्ही आणि मी, आठ आणि अठरा, बाहेरून काही म्हणता काही सारखं नाही, आत मात्र तोच दोन. आपण कुठेही ठेवले तरी बेरीज होते. पण वहिनींच्या आत तीन आहे, दादा, आणि हिच्या आत पाच. हे मी दोघींबद्दल पूर्ण आदरानं लिहितो. तुम्हाला मागची सुट्टी आठवत असेल. चार दिवस, एक स्वयंपाकघर, आणि दोघीही अतिशय गोड बोलत होत्या. मिठाचा डबा कुठे ठेवावा यावर त्या किती गोड बोलल्या, ते ऐकून आपण दोघे उगाच फिरायला गेलो होतो, दिवसातून तीनदा.

बाविसाव्या दिवशी, म्हणजे काल, दुसरी पट्टी आली. चौदा फुटांची एकसंध पट्टी गल्लीच्या वळणावरून कशी आणली, ते वेगळं पत्र होईल. मी पुढे, दुकानदार मागे, मधे एक सायकलवाला अडकला आणि त्यानं आम्हा दोघांना उद्देशून एकच शब्द वापरला. पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशी बसली, की बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मांजर उठून दुसरीकडे गेलं. आज सांधे भरले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. इथून, पालथा पडून, पट्टी नाकाच्या रेषेत सरळ दिसते. ऊन तिच्यावर आलं आहे. माझं कसं काय चाललंय, असं तुम्ही दर पत्रात विचारता. तर असं चाललंय.

घराबद्दल तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहेच. फरशीचा रंग फिकट करडा घ्यावा, मळ दिसत नाही. वहिनींना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुमचा धाकटा भाऊ

ता. क. नकाशा सोबत परत पाठवतो आहे. त्यात पेन्सिलीनं एक बारीकसा बदल केला आहे. पटकन लक्षात येणार नाही म्हणून सांगतो: छपरं दोन केली आहेत. दारंही दोन, स्वयंपाकघरं दोन, मधे अंगण एकच. जागा तेवढीच लागते. भिंती मात्र जास्त मिळतात (नऊ आणि सोळाच्या फरश्या मांडून बघाव्यात, वहिनींना मोजायला लावावं). मी ‘नाही’ म्हणालो असा याचा अर्थ घेऊ नये. हे ‘हो’च आहे, फक्त मधलं चिन्ह तसंच ठेवून. तुम्ही रागावाल या भीतीनं वरची सगळी पानं लिहिली.

ता. क. दुसरा. ही आत्ता डबा घेऊन खिडकीशी आली होती. तिला वरचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढं लिहायची गरज नव्हती. वहिनींचा आणि तिचा फोन तुमचं पत्र आलं त्याच दिवशी झाला, आणि दोन स्वयंपाकघरं तेव्हाच ठरली. वहिनींनी हिला सांगितलं, तिकडे बोलू नकोस, ह्यांनाच सुचलंसं वाटू दे. त्यामुळे तुम्हालाच सुचलं असं मी मानतो. मिठाचे डबेही दोन, आणि यावर, ही म्हणते, पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

ता. क. तिसरा. पत्रातली गणितं तपासून द्याल का म्हणून मी पानं बाईंना खिडकीतून दिली. त्यांनी गणितं बघून ‘बरोबर’ लिहिलं, आणि बाकीचंही वाचलं. म्हणाल्या, “आठवत नाही म्हणालास ना मला? तुझ्याआधी सात वर्षं, तुझ्याच आडनावाचा एक मुलगा हेच लिहून गेला होता. बाकीचा पेपर चांगला होता, म्हणून पास झाला. दोन गुण कापले होते.” मग त्यांनी नकाशा मागून घेतला, तुमची लाल शाई बघितली आणि म्हणाल्या, त्याला कळव, इथेही दोन कापले. तेव्हा पास झाल्याबद्दल तुमचं अभिनंदन, दोन्ही वेळचं.

ता. क. चौथा, आणि शेवटचा, कारण फरशी वाळत आली. पहिली पट्टी माझ्याकडे तशीच पडून आहे. पितळ चांगलं आहे, कापवत नाही. अंगणात तुमच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत ती बसवावी असं मनात आहे. तेव्हा दोन दारांमधे अंतर बरोबर आठ फूट साडेआठ इंच ठेवावं, आणि थोडं वर. माप तुम्ही घेऊ नका. मी येऊन घेतो, एकदा पूर्ण आडवा पडून, आणि एकदा कमरेपर्यंत.